सरहद्द आणि वाहने : पेडणे-डिचोलीच्या वाटांचा मागोवा

(ग्रंथालयाच्या शतकमहोत्सवी व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचा मजकूर)



पेडणे महालाचे स्थान नकाशावर पाहिले, म्हणजे एक गोष्ट प्रथम ध्यानात येते. त्याच्या उत्तरेला तेरेखोल नदी आहे आणि दक्षिणेला शापोरा. एका नदीपलीकडे सावंतवाडी, दुसरीपलीकडे बार्देश. म्हणजे पेडणेकराला घराबाहेर पडायचे झाल्यास दोन्ही दिशांना पाणीच ओलांडावे लागे. त्यांतले एक पाणी राजकीय सरहद्द ठरले आणि दुसरे घरातले मानले गेले, हा इतिहासाचा निवाडा. नदीला तो कधी ठाऊक नव्हता. डिचोलीची गोष्ट थोडी निराळी. तिथे दोडामार्गच्या बाजूला सरहद्द दाखविणारी मोठी नदी नाही. रान आहे, कुळागरे आहेत आणि रस्ते आहेत. एका बाजूला जलसीमा, दुसऱ्या बाजूला खुष्कीची सीमा, असे हे दोन तालुके गोव्याच्या उत्तर दाराच्या दोन फळ्यांसारखे आहेत.

या दारातून माणसे कशी गेली, कशी आली, कोणत्या वाहनाने आली आणि वाहन बदलले तसे जाण्यायेण्याचे स्वरूप कसे बदलत गेले, एवढाच आजचा विषय आहे. विषय वाहतुकीचा वाटेल. परंतु तो मुळात माणसांचा आहे.

प्रथम ही सरहद्द आली कुठून, ते पाहू. तेरेखोलचा किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांचा. तो १७४६ साली पोर्तुगिजांनी जिंकला आणि नदीच्या उत्तर तीरावर असूनही गोव्याकडे राहिला. डिचोली आणि सत्तरी अठराव्या शतकाच्या नवव्या दशकाच्या आरंभी पोर्तुगीज अमलाखाली गेली. पेडणे १७८८ साली. या प्रदेशाला 'नव्या काबिजादी' म्हणतात, ते याच कारणाने. तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी या जुन्या काबिजादींना तोवर पोर्तुगीज सत्तेखाली अडीचशे वर्षे होत आली होती. नव्या काबिजादींचे तसे नव्हते. देवळे जागच्या जागी राहिली, सणवार राहिले, सोयरीक राहिली. डिचोली महालातील नार्वे येथील सप्तकोटेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवछत्रपतींनी १६६८ साली केला होता. ती स्मृती सरहद्दीने पुसली नाही. राजा बदलला तरी कुलदेवता बदलली नाही, आणि कुलदेवता पलीकडे असली म्हणजे पाय पलीकडे जातातच.

म्हणून या सरहद्दीचे पहिले वाहन म्हणजे पाय. पेडण्याच्या पुनवेला, कोजागरीच्या सुमारास, सावंतवाडीच्या बाजूने भाविक येत. दहीकाल्याला दशावतारी मंडळे तेरेखोल ओलांडून इकडे येत. पेटारा डोक्यावर, पखवाज खांद्यावर आणि रात्रीच्या नाटकाची वेळ गाठण्याची घाई. घाटावरून येणारा माल बैलांच्या पाठीवर लादून रामघाटासारख्या वाटांनी उतरे. खाडीत होडी आणि तर. या साऱ्या प्रवासाची नोंद कोणी ठेवली असेल तर ती जकातीच्या कारकुनाने, आणि तीही मालापुरती. कोणती म्हातारी लेकीच्या बाळंतपणाला नदीपार गेली, हे कोणत्याही वहीत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या व्यवस्थेला पहिला मोठा धक्का बसला. १८७८ साली ब्रिटिश आणि पोर्तुगीज सरकारांमध्ये करार झाला. त्याने ब्रिटिश हिंदुस्थान आणि गोवा यांच्यामधली जकातीची भिंत काढून टाकली. बदल्यात गोव्यातील मिठाचा कारभार ब्रिटिशांच्या ताब्यात गेला आणि पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये मिळू लागले. याच करारातून मुरगावचे बंदर आणि तिथून घाटमाथ्याकडे जाणारा लोहमार्ग उभा राहिला. १८८८ च्या सुमारास कुळे आणि कॅसलरॉक यांच्या मधला घाट चढून आगगाडी धावू लागली. करार १८९२ साली संपला, जकातीचे नाके पुन्हा उभे राहिले. रूळ मात्र राहिले.

त्या रुळांनी एक फरक केला आणि तो पेडणे-डिचोलीला बोचणारा होता. आगगाडीने सरहद्दीचे मुख्य दार उत्तरेकडून पूर्वेकडे हलविले. मोठा माल आणि दूरचा प्रवासी कुळ्याच्या वाटेने जाऊ लागला. उत्तरेकडची वाट शेजाऱ्यापाजाऱ्यांची राहिली. वाहन बदलले की वाट बदलते आणि वाट बदलली की गावांचे दैव बदलते, हा नियम इथे पहिल्यांदा दिसतो. पुढे तो वारंवार दिसणार आहे.

या सरहद्दीवरून मराठी पुस्तकेही येत, हे ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून सांगितलेच पाहिजे. सालाझारच्या राजवटीत छापील अक्षरावर सरकारची कडक नजर होती. अशा काळात मुंबई-पुण्याकडचे मासिक किंवा एखादी कादंबरी वाचकाच्या हाती येणे, ही केवळ खरेदी नव्हती. गोव्यातील जुन्या मराठी ग्रंथालयांची कपाटे याच वाटांनी भरली. म्हणून सरहद्दीच्या इतिहासात या कपाटांचाही थोडा वाटा आहे.

आता येतो १९५४-५५ चा काळ. भारत स्वतंत्र होऊन सात वर्षे झाली होती आणि गोवा पारतंत्र्यात होता. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेद आफोंसो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींच्या तुकडीने तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा फडकविला. पुढच्या वर्षी, १५ ऑगस्ट १९५५ रोजी, हजारो निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या सरहद्दीवर ठिकठिकाणी पुढे सरसावले. पत्रादेवीला गोळीबार झाला. मध्य प्रदेशातून आलेल्या सहोदराबाई राय हाती ध्वज घेऊन चालल्या असता गोळी लागून जखमी झाल्या. पंजाबचे कर्नेलसिंग बेनिपाल पुढे झाले आणि त्यांना हौतात्म्य आले. त्या एका दिवसात गोव्याच्या सरहद्दीवर वीसहून अधिक सत्याग्रहींनी प्राण वेचले. त्यांचे वाहन कोणते होते? पायच. मध्य प्रदेशातून, पंजाबातून माणूस आगगाडीने, मोटारीने सरहद्दीपर्यंत आला. परंतु सरहद्द त्याने ओलांडली ती पायांनी. चालणाऱ्या माणसाला अडविण्यासाठी बंदूक लागते, हे त्या दिवशी जगाने पाहिले.

त्यानंतर सरहद्द बंद झाली. परवान्यांचे कडक नियम आले, भारताने आर्थिक नाकेबंदी केली आणि आगगाडीही सरहद्दीवर थांबली. मुंबईत नोकरी करणारा मुलगा आणि पेडण्यातली आई यांच्यामध्ये परवान्याचा कागद आला. पोर्तुगीज सरकारने यावर उपाय काढला तो समुद्राचा आणि आकाशाचा. बटाटे हॉलंडहून, चहा सिलोनहून, सिमेंट जपानहून येऊ लागले. दाबोळीला विमानतळ झाला, १९५५ साली सरकारी विमानसेवा सुरू झाली आणि गोव्याची विमाने कराचीला जाऊ लागली. म्हणजे हाकेच्या अंतरावरचे बांदे दूर गेले आणि समुद्रापलीकडचे कराची जवळ आले. वाहनाच्या बळावर राज्यकर्ते भूगोल असा उलटा करू शकतात. पण थोडाच काळ. डोक्यावर भाजीची पाटी घेऊन निघणाऱ्या बाईला विमानाचा काय उपयोग?

१८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्य गोव्यात शिरले. त्यातली एक तुकडी दोडामार्गच्या बाजूने सरहद्द ओलांडून थिवीमार्गे संध्याकाळपर्यंत मांडवीच्या काठी बेतीला पोचली. माघार घेताना पोर्तुगिजांनी डिचोली, अस्नोडा आणि शापोरा नदी येथील पूल उडविले. यात एक अर्थ दडलेला आहे. सरहद्दीवरचा अडथळा फार टिकला नाही; सैन्याला खरा खोळंबा झाला तो आतल्या नद्यांचा. पेडण्याला तर हे पिढ्यान्पिढ्या ठाऊक होते. राजधानी पणजी आणि पेडणे यांच्यामध्ये शापोरा होती, मांडवी होती. सरहद्द पुसली गेल्यावरही या नद्यांवर चांगले पूल होईपर्यंत पेडणे दूरच राहिले.

मुक्तीनंतर सरहद्द राहील की जाईल, हा प्रश्न लोकांपुढेच आला. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात १,७२,१९१ मते संघप्रदेशाच्या बाजूने पडली आणि १,३८,१७० मते महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या बाजूने. पेडणे आणि डिचोलीचा कौल विलीनीकरणाकडे होता. त्यामागची मते काय होती, त्यांचा वाद आता इतिहासजमा झाला. परंतु ज्या तालुक्यांचे पाय रोज पलीकडे जात होते, त्यांना मधली रेषा नकोशी वाटावी, यात नवल नाही. कौल मान्य झाला. ३० मे १९८७ रोजी गोवा घटक राज्य झाले आणि रेषा पक्की झाली. मात्र तिचे स्वरूप पालटले होते. आता ती माणसाला विचारीत नव्हती. मालाला विचारीत होती. मद्यावरचे अबकारी शुल्क दोन्ही राज्यांत निराळे, म्हणून अबकारी नाका राहिला. विक्रीकर निराळा, म्हणून मालमोटारींची रांग राहिली.

या काळात सरहद्दीवरचे मुख्य वाहन झाले ते चाकाचे. पोर्तुगीज काळातल्या 'कार्रेरी' मागे पडल्या. १९८० साली कदंब परिवहन महामंडळ स्थापन झाले आणि महाराष्ट्राची एस. टी. व गोव्याची कदंब या सावंतवाडी, बांदा, दोडामार्गच्या वाटेवर एकमेकींना भेटू लागल्या. आरोंदा आणि किरणपाणी यांच्यामध्ये पूर्वी तर चाले. आता पूल आहे. केरी-तेरेखोल दरम्यान मात्र फेरीबोटच आहे. तिथे पुलाचे काम हाती घेतले गेले, परंतु किनाऱ्याच्या पर्यावरणाचा प्रश्न हरित लवादापुढे गेला आणि ते थांबले. म्हणून आजही तेरेखोलचा गावकरी फेरीबोटीची वाट पाहत धक्क्यावर उभा राहतो. पायी चालणाऱ्याला त्या फेरीत भाडे पडत नाही. वेळ मात्र मोजावा लागतो.

बसनंतर आली दुचाकी, आणि तिने सरहद्दीचे गणितच बदलले. सिंधुदुर्गातील तरुण सकाळी घरून निघतो, तुये, डिचोली, कोलवाळ येथील कारखान्यांत पाळी करतो आणि संध्याकाळी घरी जेवायला परततो. पूर्वी पोटासाठी मुंबईला जाणारा कोकणी माणूस वर्षातून एकदा, शिमग्याला किंवा गणपतीला परते. आता सरहद्द ओलांडणे वर्षाचे राहिले नाही, रोजचे झाले. दुचाकीने स्थलांतराचे रूपांतर येरझाऱ्यात केले. हे फार मोठे परिवर्तन आहे आणि ते फार गुपचूप झाले. त्याचे उद्घाटन कोणी केले नाही, कोनशिला कोणी बसविली नाही.

कोनशिला बसली ती रेल्वेची. कोकण रेल्वे महामंडळ १९९० साली स्थापन झाले आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला. जॉर्ज फर्नांडिस, मधु दंडवते आणि ई. श्रीधरन ही नावे या मार्गाशी कायमची जोडली गेली. पेडण्याचा बोगदा हा या मार्गावरील सर्वांत कठीण कामांपैकी एक. खडक नसून भुसभुशीत माती, वरून पाण्याचा पाझर. तो पुरा करताना मजुरांचे प्राण गेले. पुढेही तो बोगदा शांत बसला नाही. ऑगस्ट २०२० मध्ये त्याच्या भिंतीचा भाग कोसळला आणि जुलै २०२४ मध्ये आत पाणी शिरून गाड्या थांबल्या. सरहद्दीवरचा पहारेकरी गेला. डोंगर मात्र अधूनमधून पहारा देतो.

रेल्वेने उत्तरेचे दार पुन्हा मोठे केले. एकोणिसाव्या शतकात रुळांनी पेडण्यापासून जे काढून घेतले, ते शंभर वर्षांनी रुळांनीच परत केले. मात्र एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. मडुरे सोडल्यावर पेडणे येते. मध्ये सरहद्द केव्हा गेली, ते डब्यातल्या प्रवाशाला कळतही नाही. मुंबईहून निघालेल्या वेगवान गाड्यांना ही दोन्ही लहान स्थानके सारखीच परकी. वेगवान वाहन सरहद्द नाहीशी करते, आणि सरहद्दीवरचे गावही.

विमानाने ही गोष्ट टोकाला नेली. मोपाच्या पठारावरील विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तिथून विमाने उडू लागली. सिंधुदुर्गातील चिपीचा विमानतळ त्याआधी, ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला होता. एकेकाळी ज्या महालात जायला दोन नद्या ओलांडाव्या लागत, तिथे आता देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणूस काही तासांत उतरतो. तो उतरतो पेडण्यात. परंतु पेडणे त्याला भेटतेच असे नाही. रुंद रस्ता त्याला थेट किनाऱ्याकडे नेतो. मोपाच्या पठारावर ज्यांच्या काजूच्या बागा आणि गुरांची चरणी होती, त्यांचे अनुभव हा या वाहतुकीच्या हिशेबाचाच भाग आहे. तो हिशेब प्रवाशांच्या आकड्यांत बसत नाही.

आकड्यांचा विषय निघाला, म्हणून दूरचे एक उदाहरण. अमेरिकेत कॅनडा आणि मेक्सिकोच्या सीमांवरून किती माणसे पायी आली, किती मोटारीने, किती बसने, किती आगगाडीने, मालमोटारी किती, याची महिन्यावार गणती १९९६ पासून उपलब्ध आहे. युरोपात याच्या उलट. १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधील शेंगेन गावाजवळ, मोझेल नदीतल्या बोटीवर, पाच देशांनी आपसांतले पहारे उठविण्याचा करार केला. नदीत बसून सीमा सैल करणारे ते प्रतिनिधी पेडणेकराला आपलेच वाटावेत. आपल्याकडे दोन राज्यांमधून जाणाऱ्या माणसांना कोणी मोजत नाही. ती आपल्या संघराज्याची थोरवीच आहे. परंतु जे मोजले जात नाही, ते धोरण ठरविताना विसरले जाते. मालाचे नाकेही १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर बहुतांशी उठले. राहिला तो अबकारी नाका. जणू सरहद्दीचे सारे काम आता बाटलीपुरते उरले आहे.

तशी ती उरली आहे, असे वाटत असतानाच तिने दोनदा डोके वर काढले. पहिली वेळ २०१८ ची. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात परराज्यातील रुग्णांना शुल्क लागू झाले. सिंधुदुर्गाचा, विशेषतः दोडामार्गचा रुग्ण वर्षानुवर्षे तिथे येत होता. त्याला मुंबई-कोल्हापूर दूर आणि बांबोळी जवळ. आंदोलन झाले आणि दोडामार्ग गोव्यात विलीन करावा, अशी मागणीही उघडपणे पुढे आली. १९६७ साली पेडणे-डिचोली पलीकडे पाहत होती. पन्नास वर्षांनी पलीकडचा दोडामार्ग इकडे पाहू लागला. दोन्ही वेळी कारण एकच होते. माणसाचा रोजचा रस्ता एकीकडे जात होता आणि कारभाराची रेषा दुसरीकडे. त्याच वेळी गोव्याच्या रुग्णालयावर गोव्याच्या करदात्याचा पहिला हक्क, हे म्हणणेही अगदीच अन्याय्य म्हणता येणार नाही. दोन्ही बाजूंना आपापले न्याय्य म्हणणे असले, म्हणजेच प्रश्न खरा असतो.

दुसरी वेळ मार्च २०२० ची. महासाथीमुळे पत्रादेवी आणि दोडामार्ग येथे पुन्हा अडसर पडले, पुन्हा परवाना आला. त्या दिवसांत विमान बंद, रेल्वे बंद, बस बंद. वेगाने सरहद्द पुसून टाकणारी सारी वाहने एका रात्रीत थांबली आणि ती रेषा जशीच्या तशी खाली उरली. सर्वाधिक अडचण झाली ती रोज जाणाऱ्या दुचाकीस्वाराची, रुग्णाची आणि पायी निघालेल्या मजुराची. १ सप्टेंबर २०२० रोजी गोव्याच्या सीमा खुल्या झाल्या. परंतु त्या पाच महिन्यांनी शिकविलेला धडा विसरण्याजोगा नाही. सरहद्द गेलेली नसते. ती निजलेली असते.

माणसांशिवाय आणखी दोघे ही सरहद्द ओलांडतात. एक म्हणजे तिळारीचे पाणी. दोन राज्यांनी मिळून बांधलेल्या प्रकल्पातून ते कालव्याने दोडामार्ग ओलांडून गोव्याच्या शेतांना आणि नळांना येते. दुसरे म्हणजे रानटी हत्ती. २००२ च्या सुमारास कर्नाटकातून दोडामार्गच्या रानात हत्ती उतरू लागले; तिथला 'ओंकार' नावाने ओळखला जाणारा एक हत्ती सप्टेंबर २०२५ मध्ये पेडण्याच्या शेतांत आला आणि दोन राज्यांचे वनखाते त्याच्या मागे धावले. वाहनांच्या या दीर्घ इतिहासानंतरही सरहद्दीवर सर्वांत मोठी धावपळ उडविणारा प्रवासी पायीच आला, हे मौजेचे आहे आणि विचार करण्याजोगेही.

या साऱ्यातून हाती काय लागते? पहिली गोष्ट ही, की वाहन जसजसे वेगवान होत गेले, तसतशी सरहद्द ओलांडणाऱ्यांची संख्या वाढली आणि सरहद्दीवरच्यांशी त्यांचा संबंध घटला. दुसरी ही, की नव्या वाहनाने जुने वाहन नाहीसे होत नाही. विमानतळ झाला तरी केरीची फेरीबोट आहे, आणि फेरीबोटीत आजही कोणी देवाला निघालेले असते. तिसरी आणि महत्त्वाची ही, की सरहद्दीचा भार नेहमी सर्वांत हळू चालणाऱ्यावर पडतो. म्हणून पूल, बस, रुग्णालय आणि नाका यांचा विचार करताना दोन्ही राज्यांच्या कारभाऱ्यांनी विमानतळावरून उतरणाऱ्याआधी त्या हळू चालणाऱ्याची गणती करावी. दोन राज्यांना हत्तीसाठी एकत्र बसता येते, पाण्यासाठी करार करता येतो. तर रुग्णासाठी आणि रोजच्या कामगारासाठी कायमची समजूत करता येऊ नये, असे काही नाही.

ग्रंथालय ही संस्थाही या सरहद्दीवरची एक तर आहे. या तीरावरच्या वाचकाला ती दुसऱ्या तीरावर नेऊन सोडते आणि भाडे नाममात्र घेते. शंभर वर्षे ही तर चालली. मधल्या काळात राज्ये बदलली, नाके बसले आणि उठले, बैल गेले आणि विमाने आली. पुढच्या शंभर वर्षांत आणखी कोणती वाहने येतील, ते सांगता येणार नाही. धक्क्यावर वाट पाहणारा शेवटचा माणूस मागे राहू नये, एवढी काळजी चालविणाऱ्यांनी घ्यावी. संस्थेच्या दुसऱ्या शतकास मनःपूर्वक शुभेच्छा.